घरी काडतूस भरताना प्रत्येक वेळी तेवढीच पावडर कशी टाकावी

लहानपणी आजीबरोबर वाण्याकडे गेलो की ती मापट्यावरून नजर हलवायची नाही. तांदूळ अलगद ओतले तर मापटं लवकर भरतं, जरा आपटून भरलं तर त्याच मापट्यात मूठभर जास्त मावतात. काडतूस भरणाऱ्याच्या बाकावरचं पावडर मेजर हे तसंच मापटं आहे. त्याला वजन कळत नाही, त्याच्या ड्रममधली पोकळी जेवढी भरेल तेवढंच ते देतं. हे ज्याला कळलं, त्याने महागडं नवं यंत्र घ्यायच्या आधी स्वतःच्या हाताकडे बघावं.

मी डेन्व्हरजवळ राहतो आणि गेली बरीच वर्षं गॅरेजमध्ये रायफलची .३०८ विंचेस्टर आणि पिस्तुलाची ९ मिलिमीटर काडतुसं भरतो. अमेरिकेत स्वतःपुरती भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली दारूगोळा तयार करायलाच परवाना हवा, तेव्हा तिकडे कोणी हे करून बघू नये.

केस, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या पितळी नळ्या, साफ, साइझ केलेल्या (ठरलेल्या मापात परत आणलेल्या), प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली) बसवलेल्या आहेत असं धरतो. पावडर किती, ते पावडर कंपनीच्या तक्त्यातून घ्या आणि सुरुवातीच्या आकड्यापासून चढत जा. मित्राने सांगितलेला आकडा वापरू नका. बाकावर एका वेळी एकाच पावडरचा डबा, दुसरा कपाटात.

मेजर

हॉपर, म्हणजे मेजरवरचं पावडरचं भांडं, दोन तृतीयांश भरा आणि निम्म्याखाली जाऊ देऊ नका. वरच्या पावडरचा भार बदलला की खाली दाणे बसण्याची घट्ट-सैल बदलते. आत बॅफल, म्हणजे वरच्या पावडरचा भार पेलणारा आडवा पत्रा, बसवा, तो हा फरक बराच कमी करतो. नव्या मेजरमधून आधी बरीच पावडर फिरवून परत डब्यात घ्या. पावडरवर ग्रॅफाइटचा लेप असतो, तो ड्रमला लागेपर्यंत माप स्थिर होत नाही.

आता हात. मेजरचा दांडा वर, टेकवून क्षणभर थांबा, दांडा खाली, टेकवून पुन्हा थांबा. प्रत्येक वेळी तोच जोर, तोच वेग. एकदा हळू आणि एकदा झटक्यात, म्हणजे वाण्याचं मापटं. एका काडतुसात जाणारी पावडर म्हणजे एक चार्ज. पहिले दहा चार्ज पुन्हा हॉपरमध्ये टाका. पुढचे दहा एकत्र काट्याच्या पॅनमध्ये घेऊन वजन करा आणि दहाने भागा, म्हणजे ०.१ ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) काट्यावरही सरासरी नीट कळते. मग दहा सुटे तोला, म्हणजे फरक किती पडतो ते दिसेल.

गोल दाण्यांची पावडर मेजरमधून पाण्यासारखी उतरते. व्हारगेटसारख्या काडीच्या आकाराच्या पावडरमध्ये दांडा मध्येच अडतो आणि करकर ऐकू येते: दाणा ड्रमच्या कडेवर कापला जातोय. अशा वेळी जोर लावू नका. करकर ऐकू आलेला चार्ज हॉपरमध्ये परत टाका आणि पुन्हा घ्या.

काटा

माझी खरी फजिती इथे झाली, म्हणून इथे जरा थांबतो.

पिस्तुलासाठी प्रत्येक चार्ज तोलायची गरज नाही. मेजर नीट बसलं की दर दहावा तोला. लांबच्या नेमबाजीसाठी रायफलची काडतुसं भरायची तर मेजरने ठरलेल्या वजनापेक्षा ०.३ ग्रेन कमी टाकून उरलेलं ट्रिकलरने दाणा-दाणा सोडायचं. व्हारगेटचा एक दाणा सुमारे ०.०२ ग्रेनचा असतो, म्हणजे ०.१ ग्रेन दाखवणाऱ्या काट्याला आकडा बदलायला पाच दाणे लागतात. सोनाराची एक गुंज जवळजवळ दोन ग्रेन भरते, त्यावरून हे काम किती बारीक आहे ते समजेल.

स्वस्त इलेक्ट्रॉनिक काटा इथे फसवतो. आकडा स्थिर दिसावा म्हणून तो हळूहळू वाढणारं वजन गिळतो. तुम्ही एक दाणा सोडता, दोन, चार, आकडा ढिम्म. मग एकदम ०.२ ने उडी मारतो. उपाय साधा आहे: शेवटचे दाणे टाकले की पॅन उचला, परत ठेवा, आणि मगच आकड्यावर विश्वास ठेवा. दर वेळी.

दुसरं, काटा सरकतो. एका जानेवारीत संध्याकाळी मी पन्नास काडतुसं भरली आणि आवरायला पॅन उचललं. रिकाम्या पॅनसकट शून्य केलेला काटा पॅन उचलल्यावर पॅनचं वजन उणे दाखवतो. माझ्या पॅनचा आकडा −१५२.६. त्या दिवशी होता −१५२.१. काटा अर्धा ग्रेन वर सरकला होता, म्हणजे शेवटची काडतुसं अर्धा ग्रेन हलकी. उलट दिशेला सरकला असता तर तेवढीच जड भरली गेली असती आणि मी ती डोळ्याला लावून झाडली असती. सरकायला सुरुवात कधी झाली ते कळायला मार्ग नव्हता. पन्नासच्या पन्नास बुलेट पुलरने काढल्या, रात्रीचा एक वाजला. कारण सापडलं ते बाकावरच्या छतात: हीटरची जाळी. हीटर सुरू झाला की गरम झोत थेट पॅनवर.

सोनार काटा काचेच्या पेटीत ठेवतो तो याच कारणासाठी. मी बाक हलवला आणि काट्याला तीन बाजूंनी आडोसा केला. आता काटा अर्धा तास आधी सुरू करून ठेवतो, मोबाइल बाकावर ठेवत नाही, आणि दर पाच चार्जनंतर पॅन उचलून तो उणे आकडा बघतो. डब्याच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवलाय. २ ग्रॅमचं तपासणी वजनही जवळ असू द्या, ते ३०.९ ग्रेन दाखवायला हवं.

आणि हा सल्ला तुम्हाला कोणीतरी देणारच: आकडा हलला की शून्याचं बटण दाबा. दाबू नका! बटण दाबलं की आकडा सुधारतो आणि आधीच्या काडतुसांचं काय झालं ते कायमचं झाकलं जातं. आकडा हलला तर शेवटच्या बरोबर तपासणीनंतरचे सगळे चार्ज बाजूला काढा, पुन्हा तोला. पाचाची सवय असेल तर पाचच तोलावे लागतात.

डेन्व्हरच्या कोरड्या हिवाळ्यात दाणे प्लास्टिकच्या फनेलला चिकटून बसतात. कपड्यांच्या ड्रायरमधला सुगंधी कागद फनेल आणि हॉपरवरून आतून फिरवला की सुटतात.

बुलेट बसवण्याआधी

पन्नास केस भोकं पाडलेल्या ब्लॉकमध्ये उभ्या करा आणि टॉर्चने एकेका केसमध्ये बघा. ९ मिलिमीटरमध्ये पावडर इतकी थोडी लागते की काही पावडरींचा दुप्पट चार्जही आत मावतो, आणि दुप्पट चार्ज पिस्तूल फोडतो. रिकामी राहिलेली केसही तितकीच वाईट: नुसता प्रायमर बुलेटला बंदुकीच्या नळीत अडकवतो आणि त्यानंतर झाडलेली गोळी तिच्यावर आदळते. पातळी वेगळी दिसली की ती केस ओता, पुन्हा भरा. इथे घाई करणाऱ्याने भरण्याच्या भानगडीत पडू नये.

आवरताना

उरलेली पावडर लगेच तिच्याच मूळ डब्यात. रात्रभर हॉपरमध्ये ठेवाल तर सकाळी ती कोणती हे खात्रीने सांगता येणार नाही, शिवाय नायट्रोग्लिसरीन असलेली पावडर प्लास्टिकचं हॉपर डागाळते. हॉपर उलटं करून दांडा चार वेळा वर-खाली करा, ड्रमच्या पोकळीत एक चार्ज नेहमी उरतो. तो निघाला की डब्याचं झाकण घट्ट लावून डबा कपाटात.