यशयाचा ५३वा अध्याय कसा वाचावा : निरपराध्याचे दुःख आणि मशीहाचे भाकीत

बायबलच्या जुन्या करारात यशया या संदेष्ट्याचा ग्रंथ आहे. त्यातील दुःख सोसणाऱ्या सेवकाचे गीत वाचायचे असेल, तर वाचनाचा आरंभ ५२व्या अध्यायाच्या १३व्या ओवीपासून करावा. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली आहे, आणि तिने या गीताचे पहिले कडवे तोडून मागच्या अध्यायाला जोडले आहे. त्या कडव्यात देव स्वतः बोलतो आणि आपला सेवक उंचावला जाईल असे सांगतो. शेवटच्या दोन ओव्यांत पुन्हा देवाचाच आवाज येतो. मधल्या भागात बोलणारे वेगळे आहेत. तेथे सेवकाकडे पाहणारे लोक ‘आम्ही’ म्हणून बोलतात. म्हणून हाती पेन्सिल घेऊन पहिल्या वाचनात एवढेच करावे : कोणती ओळ देवाची आणि कोणती ‘आम्ही’ची, याची समासात खूण करावी. सेवक स्वतः संपूर्ण गीतात एक शब्दही बोलत नाही, हे या खुणांमुळे आपोआप दिसते.

दुसऱ्या वाचनात चौथ्या ओवीपाशी थांबावे, आणि घाई न करता थांबावे, कारण माझ्या मते सगळे गीत या एका ओवीवर उभे आहे. ‘आम्ही’ येथे कबुली देतात, की हा मनुष्य देवाच्या हातून मार खात आहे, म्हणजे त्याचे काहीतरी चुकले असणार, असे आम्ही धरून चाललो होतो. दुःख आहे म्हणजे अपराध आहे, हा तो जुना हिशेब. पाचव्या ओवीत तो मोडतो : जखमा त्याच्या, पण अपराध आमचे. मशीहाविषयीचा, म्हणजे देवाने वचन दिलेल्या तारणकर्त्याविषयीचा, विचार सुरू करण्यापूर्वी हे उमगले पाहिजे, कारण चुकीचा निवाडा करणाऱ्यांनी स्वतःचा निवाडा मागे घ्यावा हीच या गीतातली पहिली घटना आहे. या ओव्यांशेजारी जुन्या करारातीलच ईयोबाचा ग्रंथ उघडून ठेवावा. ईयोब निर्दोष आहे हे वाचकाला पहिल्याच ओवीत सांगितलेले असते, तरीही त्याचे मित्र पापाचा शोध घेत राहतात, आणि ४२व्या अध्यायात देव त्या मित्रांवर रागावतो. नव्या करारातही हाच प्रश्न परत येतो : योहानाच्या ९व्या अध्यायात शिष्य जन्मांधाकडे पाहून पाप कोणाचे असे विचारतात, लूकच्या १३व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांचा उल्लेख येतो, आणि दोन्ही ठिकाणी येशू तो हिशेब नाकारतो.

त्यानंतरच ‘हा सेवक कोण?’ हा प्रश्न घ्यावा. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या ८व्या अध्यायात कूश देशाचा एक अधिकारी रथात बसून हेच गीत वाचत असतो आणि ख्रिस्ती प्रचारक फिलिप्पाला विचारतो, की संदेष्टा हे स्वतःविषयी म्हणतो की दुसऱ्या कोणाविषयी. हा प्रश्न अतिशय योग्य आहे आणि त्याचे उत्तर ठाऊक असलेल्यानेही तो काही काळ खुला ठेवावा. यशयाच्या ४१:८ आणि ४९:३ मध्ये सेवक म्हणजे इस्राएल असे स्पष्ट म्हटले आहे. पण ४९:६ मध्ये तोच सेवक इस्राएलाला परत आणणारा आहे. सातव्या ओवीत सेवकाला दिलेली वधासाठी नेलेल्या कोकराची उपमा यिर्मया हा संदेष्टा आपल्या ग्रंथात, ११:१९ मध्ये, स्वतःलाच देतो. जर्मन अभ्यासक बर्नहार्ड डूम यांनी १८९२ साली सेवकाची चार गीते वेगळी काढून दाखवली. ती ४२, ४९, ५० आणि ५२–५३ या अध्यायांत आहेत. ती सलग वाचल्यास सेवकाचे रूप समूहाकडून एका व्यक्तीकडे कसे सरकत जाते हे जाणवते.

येथे यहुदी वाचनही आदराने जाणून घ्यावे. अकराव्या शतकातील यहुदी भाष्यकार राशी यांनी सेवक म्हणजे राष्ट्रांमध्ये छळलेले इस्राएल असा अर्थ लावला, आणि तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती विद्वान ओरिगेन यांनीही आपल्याशी वाद करणारे यहुदी विद्वान असेच म्हणत होते अशी नोंद केली आहे. याउलट तार्गुम, म्हणजे हिब्रू शास्त्राचे जुने अरामी भाषांतर, ५२:१३ मध्ये ‘माझा सेवक मशीहा’ असे म्हणतो, मात्र दुःखाच्या ओळी त्याच्यावरून काढून इतरांवर घालतो. मूळ गीतात ‘मशीहा’ हा शब्द कोठेही नाही. त्याचा अर्थ अभिषिक्त असा आहे, आणि याच ग्रंथात ४५:१ मध्ये तो पारसाचा राजा कोरेश याला लावलेला आहे. दुःख सोसणारा सेवक आणि अभिषिक्त राजा ही दोन चित्रे ख्रिस्ती श्रद्धेने येशूच्या ठायी एकत्र पाहिली. हे एकत्र येणे किती धाडसाचे होते, ते ती चित्रे आधी वेगवेगळी पाहिल्याशिवाय कळत नाही.

आता नवा करार घ्यावा आणि तो या गीतातील कोणती ओवी कोठे वापरतो ते तपासावे. मत्तय ८:१७ मध्ये चौथी ओवी वधस्तंभाशी जोडलेली नाही, तर रोग्यांना बरे करण्याशी जोडली आहे. योहान १२:३८ मध्ये पहिली ओवी लोकांच्या अविश्वासाविषयी येते. लूक २२:३७ मध्ये येशू बारावी ओवी स्वतःला लावतो : तो अपराध्यांत गणला गेला. याचा अर्थ असा, की भाकीत म्हणजे केवळ आधी लिहिलेली घटना आणि नंतर पडलेला तिचा ताळा, अशी यादी करून हे गीत संपत नाही. अम्माऊसच्या वाटेवर, लूक २४ मध्ये, ख्रिस्ताने दुःख सोसणे अगत्याचे नव्हते काय, असे येशू शिष्यांना विचारतो आणि मग शास्त्र उलगडतो. वधस्तंभाच्या प्रकाशात जुने शब्द पुन्हा वाचण्याची ही रीत आहे.

भाषांतरे ताडून पाहणेही उपयोगी ठरते. १९४७ साली मृत समुद्राकाठी कुमरानजवळ सापडलेल्या हस्तलेखांत यशयाची संपूर्ण गुंडाळी आहे आणि ती येशूच्या जन्माआधीची आहे. तिच्यात ५३:११ मध्ये, प्राचीन ग्रीक भाषांतराप्रमाणेच, सेवक ‘प्रकाश’ पाहील असे आहे. मध्ययुगीन हिब्रू प्रतींत ‘प्रकाश’ हा शब्द नाही. दहावी ओवी मात्र हिब्रूत फार कठीण आहे, कारण त्याला ठेचणे परमेश्वराच्या मनास आले असे ती म्हणते. ती मऊ करून वाचू नये.

शेवटी जुन्या करारातील स्तोत्रसंहितेचे २२वे स्तोत्र मोठ्याने वाचावे. ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ हे त्याचे पहिले शब्द वधस्तंभावर येशूच्या मुखी आहेत (मार्क १५:३४), आणि १८व्या ओवीतील वस्त्रांची वाटणी योहान १९:२४ मध्ये येते. हे स्तोत्र २१व्या ओवीपर्यंत आक्रोश आहे आणि २२व्या ओवीपासून स्तुतीकडे वळते. एखाद्या शोकात असलेल्या माणसाबरोबर ते वाचायचे असेल, तर २१व्या ओवीवर थांबावे आणि पुढची ओवी वाचण्याचे त्याच्यावर सोपवावे.