जुन्या फोर्कलिफ्टचा गिअरबॉक्स बदलताय? या चुका टाळा

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात किंवा बर्फाच्या कारखान्यात राबलेली फोर्कलिफ्ट चढाला दम टाकू लागली की लगेच ठरतं, गिअरबॉक्स गेला. पॉवरशिफ्ट गाडीत, म्हणजे जिथे ऑइलच्या दाबावर आतले क्लच धरून दिशा बदलते तिथे, ही घाई फार महागात पडते.

दोन्ही दिशांना ओढ कमी असेल तर आधी ऑइलची पातळी, गाळणी आणि इंचिंग पेडल (क्लचचा दाब कमी करून गाडी हळूहळू सरकवायचं पेडल) तपासा. खाऱ्या हवेत पेडलची केबल गंजून अडकते, पेडल अर्धवट दाबलेलंच राहतं, क्लचला पूर्ण दाब मिळत नाही आणि प्लेटा घसरून जळतात. एकाच दिशेला गाडी मेली असेल तर त्या दिशेच्या सोलेनॉइडला (विजेवर चालणाऱ्या ऑइलच्या व्हॉल्व्हला) व्होल्टेज पोहोचतंय का बघा. कनेक्टरच्या पिनांवरचा हिरवा कीट हे किनाऱ्यावरचं नेहमीचं दुखणं आहे.

ऑइल ताकासारखं दुधाळ दिसलं तर रेडिएटरमधला कूलर फुटल्याची शंका घ्या. तो तसाच ठेवून नवा गिअरबॉक्स बसवला, तर त्याचीही तीच गत होते.

बदलायचाच ठरला, तर गाडीच्या मॉडेलवरून मागवू नका. एकाच मॉडेलमध्ये क्लच पेडलचा साधा गिअरबॉक्स आणि पॉवरशिफ्ट दोन्ही येऊ शकतात. गिअरबॉक्सची स्वतःची प्लेट शोधा. ती गंजून गेली असेल तर हौसिंग पुसून ठोकलेला नंबर वाचा, खडू घासला की तो उठून दिसतो. उठावदार ओतीव आकडे मात्र बहुधा साच्याचे असतात, पार्ट नंबर नव्हे. सोबत चासीचा नंबर द्या आणि जुन्या शाफ्टचे स्प्लाइन (त्यावरचे लांबट दाते) मोजून ठेवा.

काढण्यापूर्वी मास्ट (काटे उचलणारा पुढचा सांगाडा) पूर्ण खाली, बॅटरीची वायर सुटी, चाकांना ठोकळे. इंजिनाला वेगळा आधार हवाच, नाहीतर ते कलतं.

सगळ्यात जास्त नुकसान बसवताना होतं. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) हाताने फिरवत गिअरबॉक्सच्या आत ढकला. स्प्लाइन आणि पंपाचे दात बसतात तसा तो टप्प्याटप्प्याने आत जातो. हौसिंग इंजिनाला हाताने टेकायला हवं. बोल्ट आवळून ओढावं लागत असेल तर तिथेच थांबा: कन्व्हर्टर बसलेला नाही, आणखी आवळलं तर पंप फुटेल.

कूलर आणि त्याच्या नळ्या धुतल्याशिवाय जोडू नका, जुन्या प्लेटांचा भुगा थेट नव्या व्हॉल्व्हमध्ये जातो. मॅन्युअलमधलंच ऑइल भरा. इंजिन सुरू केल्यावर कन्व्हर्टर आणि कूलर भरताना पातळी उतरते, म्हणून पुन्हा मोजून कमी असेल तेवढं घाला आणि मगच गाडी लोडवर घ्या.