सापाच्या खोलीतच उंदीर ठेवताय? या चुका टाळा

पहिली चूक माझीच सांगतो. कोल्हापूरजवळच्या पाचगावातल्या घरी आमची वरची खोली दहा बाय दहाची, त्यात बॉल पायथनचा टँक आणि बरोबर त्याच्या वरच्या फळीवर त्याच्या खाण्यासाठी पाळलेल्या पांढऱ्या उंदरांचा क्रेट, म्हटलं सगळं एका जागी, खायला घालायला सोपं आणि जागा पण वाचली. दोन आठवड्यांत साप रात्रभर काचेला नाक घासायला लागला, नाकाच्या टोकाचे खवले सोलून लाल झाले, आणि एक दिवस पाण्याची वाटी काढायला हात घातला तर सरळ मनगटाला धरलं. एरवी हा प्राणी भित्रा, घाबरला की अंगाचा चेंडू करून बसतो, नावच त्यावरून पडलंय.

त्यात सापाची काय चूक नव्हती. साप जीभ बाहेर काढतो ती हवेतला वास गोळा करायला, तो वास टाळूतल्या जेकबसन अवयवाकडं जातो, शिवाय बॉल पायथनच्या ओठावर बारीक खड्डे असतात त्यातून त्याला गरम जिवाची ऊब कळते. म्हणजे कल्पना करा, डोक्यावर चोवीस तास तांबडा-पांढरा शिजतोय आणि ताट कुणी वाढतच नाही. मग जे हलेल ते खाणं असं त्याला वाटणारच. काही साप याच्या उलट वागतात, वासाला इतके सरावतात नाहीतर इतके बेचैन होतात की खायचंच सोडतात. (बॉल पायथन हिवाळ्याच्या दिवसांत तसाही कधी कधी महिना-दोन महिने खात नाही, त्यामुळं लगेच घाबरू नका, दर आठवड्याला वजन करा, वजन टिकलंय तोवर थांबायला हरकत नाही.)

आणि उंदरांचं काय? त्यांना पण सापाचा वास येतो की. टेन्शनमधली मादी स्वतःची पिल्लं खाते. लोक विचारतात पिल्लं जातात कुठं, तर भावा, ती आईच्या पोटात जातात आणि क्रेट सापाच्या शेजारी तूच ठेवलायस.

उपाय एकच, खोली वेगळी आणि मधलं दार बंद. एकाच खोलीत पडदा लावला, क्रेट दुसऱ्या कोपऱ्यात नेला, वर चादर टाकली, हे सगळं मी करून बघितलंय, काडीचा उपयोग नाही, हवा तीच राहते. दुसरं म्हणजे दोघांना लागणारी हवा पण वेगळी. सापाला गरम बाजूला ३१-३२ अंश लागतं, उंदीर २०-२५ मध्ये खूश असतात. उंदराला घाम येत नाही, तिशीच्या वर गेलं की त्याला त्रास सुरू, म्हणून गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तर एप्रिल-मेमध्ये अजिबात ठेवू नका, दुपारी एका तासात अख्खा क्रेट मरतो. मागच्या बाजूची सावलीची गॅलरी, जिन्याखालची हवेशीर जागा चालते, फक्त मांजर पोचता कामा नये.

आता पावसाळा, कारण सगळ्यात जास्त फोन मला जुलैत येतात. आपल्याकडं झड लागली की खिडक्या बंद, भुसा वाळत नाही, मुतामुळं अमोनिया साठतो आणि तो उंदराचं पण नाक-फुप्फुस खराब करतो आणि सापाचं पण. सकाळी खिडकी उघडायच्या आधी क्रेटच्या उंचीवर नाक नेऊन वास घ्या, डोळे चुरचुरले की उशीर झालाय. स्वतःच्या नाकावर मात्र फार विश्वास ठेवू नका, ते चार दिवसांत सरावतं, बाहेरून आलेल्या माणसाला विचारा. आमच्यात काकू जिन्यातूनच ओरडतात, तेच माझं मीटर. आठवड्यातनं दोनदा भुसा बदला, पावसात तीनदा. नुकती व्यालेली मादी असेल तर पहिले पाच-सहा दिवस घरट्याला हात नको, फक्त ओला कोपरा काढा.

वास मारायला फिनेल मारू नका. फिनेलमधली रसायनं सापाला विषारी असतात, वाफेनं पण त्रास होतो. साधा साबण, गरम पाणी, कडक ऊन, एवढं पुरतं.

भुसा पण कुठला घेताय बघा. सॉ मिलमधला पिठासारखा बारीक भुसा फुकट मिळतो पण त्याची धूळ उंदराच्या नाकात जाते. रंध्याची जाड साल घ्या नाहीतर जुने पेपर फाडून घाला. रॅटच्या (मोठ्या जातीच्या उंदराच्या) डोळ्या-नाकाभोवती लाल दिसलं तर ते बहुतेक वेळा रक्त नसतं, आजारात किंवा टेन्शनमध्ये त्यांच्या डोळ्यांतून तसा लाल स्राव येतो. सोबत शिंका असतील तर तो उंदीर बाजूला काढा आणि सापाला घालू नका. साप तोंड उघडून श्वास घेतोय, तोंडाशी बुडबुडे येतायत, घरघर ऐकू येतेय, तर घरगुती उपाय बंद आणि डॉक्टरकडं.

साप एक आणि उंदीर चाळीस, हे पण लई बघितलंय. मादीचे दिवस जेमतेम तीन आठवडे, एका वेळी सहा-आठ पिल्लं, आणि व्याल्यावर चोवीस तासांच्या आत परत गाभण राहू शकते. मोठा साप दहा-पंधरा दिवसांत एक खातो. हिशोब तुम्हीच करा. एका सापासाठी घरात पैदास करायची गरजच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. करायचीच असेल तर चौथ्या आठवड्यात नर-मादी वेगळे काढा, उशीर केला तर बहीण-भावांचीच पिल्लं येतात.

क्रेटचं झाकण हलकं घेऊ नका. छोटा उंदीर पेन्सिलएवढ्या भोकातून जातो आणि प्लॅस्टिकची कड एका रात्रीत कुरतडतो, बारीक तारेची जाळी लावाच. त्यात पाचगाव, कळंबा, फुलेवाडीकडं मागं ऊस असतो, सांडलेल्या धान्यावर बाहेरचे जंगली उंदीर येतात आणि त्यांच्या वासावर धामण येते, कधी नाग पण. आमच्या मागच्या मोरीत एकदा अशीच सहा फुटी धामण निघाली होती, सर्पमित्राला बोलावलं, नेऊन सोडली. ‘एवढे उंदीर आहेतच तर हिला पण ठेवूया’ असं म्हणणारे मित्र सगळ्यांनाच असतात. आपल्याकडचे साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी त्याची पण केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, केली नसेल तर आधी ती बघा. आणि घरात पिंजऱ्यात सापडलेला उंदीर सापाला कधीच नको, कुणाच्या तरी दुकानातलं औषध खाऊन आलेला असतो.

जिवंत उंदीर टाकून झोपायला जाणं ही तर हद्द झाली. भूक नसलेल्या सापाला उंदीर पाठीवर कुरतडतो, मी हाड दिसेपर्यंतची जखम बघितलीय. मारून गोठवलेला द्या, रात्री फ्रीजमध्ये खाली ठेवून त्याचा बर्फ वितळू द्यायचा आणि मग पिशवीतच गरम पाण्यात, मायक्रोवेव्हमध्ये नाही, फुटतो. आकार सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढा. उंदराला हात लावून झाल्यावर साबणानं कोपरापर्यंत धुवा, मग टँक उघडा, तुमच्या हाताला उंदराचा वास आहे तोवर सापाच्या लेखी तुम्ही उंदीरच.

गोठवल्यानं साल्मोनेला मरत नाही, त्यामुळं स्वयंपाकघरातलं पातेलं वापरू नका, त्यासाठीचा डबा वेगळा. मी हे गोठवलेले उंदीर आधी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवायचो. आईनं सणाला तो उघडला. त्यानंतर सेकंडहॅंड छोटा डीप फ्रीझर घेतला आणि तो पण वरच्या खोलीतच आहे, सापाशेजारी, त्याला बंद डब्याचा काय वास येत नाही.