पैशांचं इंग्रजी बोलताना-लिहिताना या चुका टाळा

इंग्रजी शिकवताना माझी सगळ्यात जास्त लाल शाई ‘पे’ या एका क्रियापदावर खर्च होते. ‘पे बॅक’, ‘पे ऑफ’, ‘पे अप’, ‘पे इन’ या चौघांपुढे मुलं ‘पैसे देणे’ असं लिहितात आणि पुढचं पान उलटतात. घाईचं सगळं नुकसान तिथेच होतं.

‘पे बॅक’ म्हणजे उसने घेतलेले पैसे परत करणे. ‘पे अप’ म्हणजे देणं असलेले पैसे, बहुधा मनाविरुद्ध, देऊन टाकणे. ‘पे ऑफ’ म्हणजे कर्ज पुरतं फेडून मोकळं होणे; त्यापुढे होम लोन येतं, कार्डाची थकबाकी येते. कर्जाच्या जागी माणूस आला की अर्थच फिरतो. नाशिकच्या एका द्राक्ष निर्यातदाराकडे हिशेब लिहिणारा मुलगा माझ्या वर्गात होता. तपासणीची फी पूर्ण भरली, एवढंच त्याला नेदरलँड्सच्या खरेदीदाराला कळवायचं होतं. त्याने लिहिलं, ‘वुई हॅव पेड ऑफ द इन्स्पेक्टर.’ म्हणजे, आम्ही इन्स्पेक्टरला पैसे चारून गप्प केलंय. संध्याकाळी तिकडून प्रश्न आले: किती दिले, कशासाठी दिले? मालकाने फीची पावती पाठवली, तपासणीचा अहवाल पाठवला, फोनवर खुलासा केला, तेव्हा कुठे माल पुढे हलला. मुलगा प्रामाणिक होता, व्यवहारही स्वच्छ होता. ‘वुई हॅव पेड द इन्स्पेक्शन फी’ एवढं साधं वाक्य पुरलं असतं. जोडशब्द घातले की इंग्रजी भारदस्त होतं, ही समजूत मला मनापासून खटकते.

म्हणून माझ्या वहीत सुटा ‘पे ऑफ’ नसतो. कोणी, कोणाचे, कशाचे पैसे दिले, हे सांगणारं अख्खं वाक्य असतं: ‘शी पेड ऑफ हर स्कूटर लोन.’ त्याखाली लगेच ‘शी पेड इट ऑफ.’ ‘पेड ऑफ इट’ चालत नाही. ‘इट’ आणि ‘देम’ मध्येच बसतात. दोन्ही ओळी मोठ्याने म्हणायच्या.

दुसरी चूक ‘राइट ऑफ’ची, आणि ती शिकलेली माणसंही करतात. बँकांनी अमुक कोटींची कर्जं ‘राइट ऑफ’ केली अशी बातमी आली की लगेच ‘माफ केली’ म्हणून भाषांतर होतं. घरगुती बोलण्यात उसने दिलेले पैसे बुडीत धरून सोडून दिले, तर ‘राइट ऑफ’ बरोबर आहे. बँकेच्या बाबतीत मात्र ते कर्ज ताळेबंदातून काढलेलं असतं. कर्जदाराची जबाबदारी संपत नाही आणि वसुलीही चालू राहते. माफीसाठी शब्द आहे ‘वेव्ह’. महाराष्ट्र सरकारने 2017 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये शेतकऱ्यांसाठी जाहीर केली ती कर्जमाफी, म्हणजे ‘लोन वेव्हर’. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले की वाद विनाकारण पेटतात.

बाकीच्या चुका थोडक्यात. एटीएममधून पैसे ‘रिमूव्ह’ करत नाहीत, ‘टेक आउट’ किंवा ‘विथड्रॉ’ करतात. खात्यात पैसे ‘फिल’ होत नाहीत, ‘पे इन’ होतात. ‘कम इंटू मनी’ पगाराला लावू नका. ते बहुतेक वेळा वारशाने आलेल्या पैशांसाठी असतं. ‘लिव्ह ऑन’ म्हणजे तेवढ्यात भागवणे, ‘लिव्ह ऑफ’ म्हणजे कशाच्या किंवा कुणाच्या जिवावर जगणे. मुलाखतीत हे दोन नीट सांभाळा.

वाक्प्रचारांत ‘इन द ब्लॅक’ हमखास फसवतो, कारण आपल्या डोक्यात काळा पैसा असतो. कंपनी ‘इन द ब्लॅक’ आहे म्हणजे ती तोट्यात नाही, खात्यात शिल्लक आहे. पूर्वी हिशेबाच्या वहीत तूट लाल शाईने आणि शिल्लक काळ्या शाईने लिहीत, त्यावरून हे आलं. तोट्यातली कंपनी ‘इन द रेड’.

‘पाचशे इडियम्स एका रात्रीत’ छापाच्या पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरतात, त्या उघडूही नका. त्यातूनच ‘कॉस्ट अॅन आर्म अँड अ लेग’ थेट ऑफिसच्या कोटेशनमध्ये जाऊन बसतो. मित्राशी बोलताना तो शोभतो. कोटेशनमध्ये ‘एक्स्पेन्सिव्ह’ लिहा. एखादा वाक्प्रचार वेगवेगळ्या ठिकाणी दोन-तीनदा वाचनात आला, तरच मी तो वहीत घेतो, आणि तो कोण कोणाला म्हणालं हेही शेजारी लिहून ठेवतो.