आलेखावर शिखराऐवजी कासचं पठार

साताऱ्याकडे पावसात कुजक्या लाकडावर जिभेसारखी नारंगी डॅक्रिओपिनॅक्स बुरशी उगवते. तिचा रंग अॅसिटोनमध्ये काढून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (कोणत्या तरंगलांबीचा उजेड किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र) चढवला, तर आलेखात 450 नॅनोमीटरला टोक नाही, सपाट कासचं पठार. कारण साधं: शोषण 3 च्या वर, डिटेक्टरपर्यंत उजेडच पोचत नव्हता. दहापट पातळ करून 0.3 ते 0.8 मध्ये आणलं.

तरी 700 ला 0.15 दिसत होतं. कॅरोटिनॉइड, म्हणजे बुरशीचं नारंगी-पिवळं रंगद्रव्य, तिथे उजेड शोषतच नाही, म्हणजे हा गढूळपणा. ओल्या बुरशीतलं पाणी अॅसिटोनमध्ये उतरलेलं. अर्काएवढंच हेक्झेन आणि मिठाचं पाणी विभाजन नरसाळ्यात घालून हलक्या हाताने फिरवलं (जोरात हलवलं की दुधाळ मिश्रण होतं, थर वेगळे होता होत नाहीत), वरचा पिवळा थर निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवला आणि नुसतं हेक्झेन शून्य (ब्लँक) धरून मोजला. आता 425 ला खांदा, 450 आणि 478 च्या आसपास दोन टोकं.

क्युव्हेट (नमुना ठेवायची चौकोनी नळी) काचेचंच, पॉलिस्टायरीनचं अॅसिटोनने पांढरं पडतं. अर्काला उजेड लागू नये म्हणून बाटलीला फॉइल गुंडाळा.

एवढ्यावर ‘बीटा-कॅरोटिन’ लिहू नका. झिअॅझँथिन या दुसऱ्या कॅरोटिनॉइडचा आलेखही जवळपास असाच येतो. थिन लेयर क्रोमॅटोग्राफीच्या (द्रावक वर चढताना रंग वेगळे करणाऱ्या) सिलिका पट्टीवर मात्र झिअॅझँथिन खाली रेंगाळतं.