सिंगापूरला नर्स म्हणून येताय? चर्च शोधाच, पण रूमचा कागद आधी मागा

सलाम मैत्रिणींनो. नगर, जालना, सोलापूर, वसई कुठूनही येत असाल, हे आपल्या मंडळीतल्या मुलींसाठी लिहितेय, कारण दर वर्षी कुणाची तरी मावशी किंवा पाळकसाहेब माझा नंबर देतात आणि पोरगी रात्री अकरा वाजता रडत फोन करते.

नर्सिंग बोर्डाचं रजिस्ट्रेशन, परीक्षा, डॉक्युमेंट्स हे तुम्हाला माहिती आहेच, त्यात शिरत नाही. फक्त "आधी केअरगिव्हर म्हणून जा, तिकडे गेल्यावर नर्स करून घेतील" असं जो एजंट म्हणतो त्याच्या ऑफिसातून तिथल्या तिथे उठून या. ज्या कामाचा पास, म्हणजे इथे काम करायचा परवाना, तेच काम करायचं, दुसरं नाही. इथला लायसन्सवाला एजंट पासच्या दर वर्षामागे एक पगार आणि सगळं मिळून जास्तीत जास्त दोन पगार एवढीच फी तुमच्याकडून घेऊ शकतो, आणि परदेशी माणूस कामावर ठेवला म्हणून सरकारला जी लेव्ही (कर) भरायची ती एम्प्लॉयरची, तुमच्या पगारातून कापायची नाही. हे पाठ करून या. आणि यूट्यूबवाल्या दहा दादांपेक्षा वॉर्डातली एक फिलिपिनो सीनियर धरा, मी जे शिकले ते तिच्याकडून.

आता मुद्द्याचं, म्हणजे रूम.

इथे बहुतेक लोक एचडीबीच्या फ्लॅटमध्ये राहतात, म्हणजे सरकारी हाउसिंग बोर्डाच्या बिल्डिंगा, आणि आपण त्यातली एक कॉमन रूम, म्हणजे बाथरूम सामाईक असलेली बेडरूम, भाड्याने घेतो. मी आले तेव्हा पहिल्याच रविवारी उपासनेनंतर एका बाईंनी जवळ घेतलं, जेवू घातलं, माझ्यासाठी प्रार्थना केली आणि म्हणाल्या की सिस्टर, माझ्याकडे रूम आहे, आपण प्रभूमध्ये एक कुटुंब, अग्रीमेंट वगैरे कशाला. घरापासून इतक्या लांब कुणीतरी डोक्यावर हात ठेवला की माणूस कागद मागत नाही, मागावा असं मनातही येत नाही. एक महिन्याचं डिपॉझिट आणि भाडं मी देऊन टाकलं. रूम कसली, हॉलला प्लायवूडचं पार्टिशन टाकून केलेली खोली, खिडकी नाही, एअरकॉन रात्री नऊनंतरच. मग एकदा नाइट करून सकाळी घरी आले तर माझी बॅग दाराजवळ भरून ठेवलेली, "एचडीबीचे लोक तपासणीला येणारेत, दोन दिवस दुसरीकडे राहा." त्या दोन दिवसांनंतर मला परत घेतलंच नाही, आणि डिपॉझिट "साफसफाईत गेलं."

म्हणून नीट वाचा, दोनदा वाचा. एचडीबीची रूम द्यायला मालकाला बोर्डाची परवानगी लागते आणि तुमचं नाव भाडेकरू म्हणून नोंदवावं लागतं, त्या परवानगीचा कागद डोळ्यांनी बघा आणि त्यावर आपलं नाव आहे का तेही बघा. भाडं कमीत कमी सहा महिन्यांचं असतं, त्यामुळे "महिना महिना बघू" म्हणणारा मालक नियमात बसत नाही. मुळात बेडरूम म्हणून बांधलेलीच खोली देता येते, हॉलमध्ये पार्टिशन टाकलेली नाही. नुसत्या खोल्या भाड्याने दिल्या असतील तर मालकाने त्याच घरात राहायला हवं. अग्रीमेंट लेखी हवं आणि त्यावर स्टॅम्प ड्युटी भरलेली हवी, डिपॉझिट किती दिवसांत परत आणि कशासाठी कापणार तेही त्यात लिहून घ्या. तुमचा राहण्याचा पत्ता एम्प्लॉयरला मनुष्यबळ मंत्रालयाकडे कळवावा लागतो, म्हणजे बेकायदा रूममध्ये राहिलात तर एकतर पत्ता खोटा जातो नाहीतर मालक तुम्हाला गप्प बसायला सांगतो, आणि दोन्हीकडून आपणच अडकतो. पैसे कॅश कधीच देऊ नका, पेनाऊने (आपल्या यूपीआयसारखं, फोनवरून बँकेतून पैसे पाठवायचं) द्या आणि मेसेजमध्ये "अमुक महिन्याचं भाडं", "डिपॉझिट" असं लिहा.

माझ्याकडे अग्रीमेंट नव्हतं पण पेनाऊची एंट्री आणि व्हॉट्सअॅपचे मेसेज होते. इथे स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनल आहे, दोन वर्षांपर्यंतच्या घरभाड्याचे वाद तिथे चालतात, वीस हजार डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो, पाच हजारांच्या आतल्या दाव्याची फी फक्त दहा डॉलर आणि वकील आणायला परवानगीच नाही, त्यामुळे समोरचा कितीही मोठा असो, बोलायचं तुम्हालाच आणि त्यालाच. मी अर्ज भरला आणि सुनावणीच्या आधीच पैसे आले. चर्चमधल्या काहींनी मला सुनावलं की विश्वासी माणसाने विश्वासणाऱ्याला कोर्टात खेचू नये. मला तेव्हा फार लागलं ते. आजही माझं मत हेच की डिपॉझिट परत मागणं म्हणजे कटुता नव्हे, आणि जो प्रभूचं नाव घेऊन अग्रीमेंट टाळतो त्याच्याकडे दुप्पट सावध राहायचं.

पण म्हणून चर्च सोडू नका गं, प्लीज. मी मधे सोडलं होतं आणि ते महिने सगळ्यात वाईट गेले. इथे मेथडिस्ट, अँग्लिकन, कॅथलिक, मार थोमा सगळं आहे, तमिळ उपासना आहेत, मराठी मात्र मला सापडली नाही, मग आम्ही तिघी-चौघी व्हॉट्सअॅप कॉलवर आपली गीतं म्हणतो. इथलं मेथडिस्ट काम 1885 साली भारतातूनच येऊन सुरू झालं, सुरू करणारे ओल्डहॅम जन्माने बंगलोरचे, हे कळल्यावर मला त्या बाकावर बसायला जरा हक्काचं वाटायला लागलं. पेशंटच्या नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न असतो, इंडियन आहेस मग ख्रिश्चन कशी, केरळची का? चिडू नका. मी सांगते की आमच्या नगरात मिशन 1831 पासून आहे, माझ्या पणजीचा बाप्तिस्मा तिथलाच. एवढ्यावर विषय संपतो, कधीकधी तर आजीबाई हात धरून "माझ्यासाठी प्रार्थना कर" म्हणतात.

हवेचं थोडक्यात: वर्षभर एकच ऋतू, गरम आणि दमट, पावसाला जून-जुलै नाही, डिसेंबर-जानेवारीतच जास्त धो धो. कपाटात बुरशी येते, माझ्या पवित्र शास्त्राच्या लेदर कव्हरवर पांढरी बुरशी चढली होती आणि पानं एकमेकांना चिकटली होती, तेव्हा ओलावा शोषणारे डबे आणा आणि चांगल्या साड्या घरीच ठेवा. बादलीत, कुंडीत पाणी साठवू नका, डेंग्यूच्या डासांसाठी घरात येऊन तपासतात आणि दंड करतात. परदेशी माणसाला इथला पीएफ म्हणजे सीपीएफ मिळत नाही, त्यामुळे पगार दिसतो तेवढाच आहे, मागे काही साठत नाही, स्वतःच बाजूला टाका. घरी पाठवायचे पैसे, दशांश, भाडं हे पगार आला त्याच दिवशी वेगळं करा, आणि गावाकडून चर्चच्या बांधकामाला मागणी आली तर नाही म्हणायला शिका, पहिल्या वर्षी तरी.

सुरुवातीला रविवारच्या ड्युटीवरून खूप रडू येतं, येऊ दे. बऱ्याच चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळीही उपासना असते, मॉर्निंग शिफ्ट करून गाठता येते. गुड फ्रायडे आणि नाताळ या सरकारी सुट्ट्या आहेत पण वॉर्ड काही बंद नसतो. अशा वेळी दिवाळी कामाला येते. रोस्टर करणारी सिस्टर गृहीत धरते की इंडियन म्हणजे दिवाळीला ऑफ हवा, तो ऑफ एखाद्या तमिळ मैत्रिणीला द्या, चायनीज न्यू इयरला दोन्ही दिवस ड्युटी घ्या, आणि बदल्यात 24 ची संध्याकाळ आणि 25 ची सकाळ मागा. मागणी तोंडी नको, डिसेंबरचं रोस्टर लागायच्या आधी रिक्वेस्टमध्ये लिहून टाका, आणि दिवाळीला ज्या मैत्रिणीला ऑफ दिला तिचं नावही त्यात लिहा.