इंजिनवाल्या सायकलचं मागचं चाक आणि काचेचे तुकडे

सायकलला किटचं इंजिन बसवल्यापासून मागचं चाक सारखं पंक्चर होत होतं. ते काढायचं म्हणजे वैताग: एका बाजूला पॅडलची चेन, दुसऱ्या बाजूला इंजिनाची, आणि नंतर दोन्हींचा ताण जुळवत बसा.

टायर नीट पाहिला तर रबरात तांदळाच्या कणीएवढी काच रुतलेली. असे तुकडे बहुतेकदा लगेच आरपार जात नाहीत. आधी नुसते चिकटतात, मग चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात थोडे थोडे आत जातात. म्हणजे ते वेळीच झटकले तर काम झालं. पण हातमोजा घालून चालत्या टायरवर हात धरणं इंजिनाच्या वेगात नकोच.

मग जुना स्पोक घेतला. मधे टायरच्या गोलाईसारखा वाकवला, त्यावर बारीक रबरी नळी चढवली आणि दोन्ही टोकं मडगार्डच्या नटाखाली आवळली. तार टायरला जेमतेम टेकली पाहिजे. दाबून बसवली तर रबर घासतं. चाक फिरतं त्याच दिशेला तिचा कल हवा. उलटा असला तर एखादा खडा अडकून तार चाकात ओढली जाईल.

आता तार हलकी किरकिरते, इंजिनापुढे ऐकूही येत नाही. पंक्चर बरेच कमी झाले. खोल नक्षीच्या टायरवर मात्र हिचा फारसा उपयोग नाही, खाचांतलं तसंच राहतं. खिळ्यापुढेही ती काय करणार! हवा भरताना टायरवरून नजर फिरवतो, रुतलेलं काही दिसलं तर टोकदार चिमट्याने उपसतो.